इंग्रजीतील समोच्चारित शब्द

ज्या शब्दांचा उच्चार एक, परंतु लेखन व अर्थ भिन्न असतात, त्यांस समोच्चारित शब्द म्हणतात. प्रबंधलेखनात त्यांच्यामुळे होणारी चूक इतर स्पेलिंगच्या चुकांहून निराळ्या जातीची असते. कोशात नसलेला शब्द वाचकाला खटकतो आणि संगणकही तो दाखवून देतो. येथे मात्र लिहिलेला शब्द स्वतः निर्दोष असून केवळ अस्थानी पडलेला असतो. म्हणून अशा जोड्या नुसत्या पाठ करण्यापेक्षा त्यांची कुळकथा जाणून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

या शब्दांचे उत्पत्तीच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील शब्द मुळातच भिन्न होते. कालांतराने त्यांचे उच्चार एक झाले. ‘रात्र’ आणि ‘सरदार’ या अर्थांचे ‘नाइट’ हे दोन शब्द त्यांपैकीच होत. दुसऱ्याच्या आरंभी लिहिला जाणारा ‘के’ एके काळी स्पष्ट उच्चारला जात असे. सतराव्या शतकाच्या सुमारास तो लोपला. ‘भेटणे’ या अर्थाचा, दोन ‘ई’ असलेला ‘मीट’ आणि ‘मांस’ या अर्थाचा, ‘ई-ए’ असलेला ‘मीट’ यांतील स्वरही पूर्वी वेगळे होते. पहिला संवृत, तर दुसरा विवृत. पंधराव्या शतकापासून इंग्रजीतील दीर्घ स्वरांत जे मोठे स्थित्यंतर सुरू झाले, त्याच्या ओघात हा भेद नष्ट झाला. कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय स्थापले आणि पुढे मुद्रणामुळे लेखन स्थिरावत गेले. उच्चार मात्र बदलतच राहिले. आजचे इंग्रजी लेखन हे पुष्कळ अंशी जुन्या उच्चारांचे दप्तर आहे.

दुसऱ्या वर्गात याच्या उलट घडले. तेथे मूळ शब्द एकच असून अर्थभेदासाठी लेखनात फाटे फुटले. ‘फूल’ आणि ‘पीठ’ या अर्थांचे शब्द मूळचे एकच. धान्याच्या दळणातील उत्तम भाग तो जणू त्याचे फूल, अशी ती कल्पना होती. ‘विवेकी’ आणि ‘विविक्त’ या अर्थांचे ‘डिस्क्रीट’ हे शब्दही एकाच लॅटिन शब्दापासून निघाले. संख्याशास्त्राच्या प्रबंधात शेवटचे दोन ‘ई’ जोडून आले, तर विविक्त चलाचे ‘विवेकी चल’ होते! शास्त्रीय अर्थाच्या शब्दात त्या दोन ‘ई’ंमध्ये ‘टी’ उभा असून तो त्यांना विभक्त करतो, एवढे स्मरणात ठेवावे.

विद्यापीठीय लेखनात आणखी तीन जोड्या वारंवार घोटाळा करतात. ‘स्थिर’ या अर्थाच्या ‘स्टेशनरी’त ‘ए’ येतो, लेखनसामग्रीच्या अर्थी ‘ई’. मध्ययुगीन विद्यापीठांच्या आश्रयाने एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या ग्रंथविक्रेत्यास ‘स्टेशनर’ म्हणत. त्याच्या नावातील ‘ई’ त्याच्या मालाच्या नावात उतरला. ‘पूरक’ या अर्थाच्या ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये मधला स्वर ‘ई’ असतो, कारण ‘पूर्ण’ या अर्थाच्या ‘कम्प्लीट’शी त्याचे नाते उघड आहे; प्रशंसेच्या अर्थी तेथे ‘आय’ येतो. ‘तत्त्व’ या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ ‘एल-ई’ने संपतो आणि तो केवळ नाम आहे, ‘प्रमुख’ या अर्थाचा ‘ए-एल’ने संपतो आणि तो विशेषण व नाम अशा दोन्ही रूपांनी येतो. म्हणून विशेषणाच्या जागी ‘ए-एल’ खेरीज दुसरे रूप संभवत नाही.

मराठी भाषकाच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे ध्वनी भिन्न आहेत. आपण दोहोंसाठी ‘व’च योजतो. त्यामुळे द्राक्षवेल आणि मद्य या अर्थांचे शब्द इंग्रजांच्या कानी वेगळे असूनही आपल्या तोंडी दोन्ही ‘वाइन’ होतात. म्हणजे इंग्रजी कोशकारांच्या यादीत नसलेले काही समोच्चारित शब्द आपण आपल्यापुरते निर्माण केले आहेत.

मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद सांभाळताना आपण अर्थाकडे पाहतो. इंग्रजीतही तोच मार्ग इष्ट होय. कान येथे साक्ष देऊ शकत नाही. शब्दाचा अर्थ, वाक्यातील कार्य आणि कूळ हेच खरे साक्षीदार होत.