एकट्याचा डाव

(खेळ म्हटला की मैदान, सवंगडी आणि आरडाओरडा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण काही खेळ घरात, एका टेबलावर, एकटा माणूसही तासन्‌तास खेळतो. त्याला फासे, कागद, पेन्सिल आणि थोडी कल्पनाशक्ती पुरते. हे खेळ कसे चालतात आणि ते खेळणाऱ्याला काय शिकवतात, ते या पाठात सांगितले आहे.)

बाहेर जोराचा पाऊस पडत आहे. मैदानावर जाता येत नाही. अशा वेळी तुम्ही पुस्तकाचे क्रिकेट नक्कीच खेळला असाल. न बघता पुस्तक उघडायचे आणि डाव्या पानाचा क्रमांक पाहायचा. शेवटचा आकडा दोन असेल तर दोन धावा, चार असेल तर चौकार, सहा असेल तर षटकार. आठचा नियम प्रत्येक वर्गात वेगळा! आणि शून्य आले की फलंदाज बाद.

या खेळाला जोडीदार लागतोच असे नाही. एकटा मुलगाही दोन्ही संघांकडून खेळू शकतो. पण या खेळात एक उणीव आहे. ती तुमच्या लक्षात आली आहे का? डाव्या पानावर नेहमी सम आकडा असतो. म्हणजे शेवटी शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ यांपैकीच काही तरी येणार. पाच आकड्यांत एक शून्य. सरासरीने पाच वेळा पुस्तक उघडले की एक गडी बाद होतो. फलंदाज सचिन तेंडुलकर असो किंवा अकराव्या क्रमांकावर येणारा गोलंदाज असो, शून्याची भीती दोघांना सारखीच. पुस्तकाला फलंदाज ओळखता येत नाही. खऱ्या मैदानावर असे असते का?

असाच प्रश्न अमेरिकेतल्या एका मुलाला पडला होता. त्याचे नाव हॅल रिचमन. साल होते १९४८ आणि त्याचे वय होते अकरा वर्षे. त्याचा आवडता खेळ क्रिकेट नव्हता, बेसबॉल होता.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ आहे, असे समजा. एका संघात नऊ खेळाडू असतात. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाज गोल दांड्याच्या बॅटने चेंडू मारतो आणि एकामागून एक अशा चार ठिकाणांना स्पर्श करत धावतो. या ठिकाणांना बेस म्हणतात. चौथ्या बेसवर, म्हणजे जिथून निघाला तिथेच, तो सुखरूप पोहोचला की एक धाव होते. चेंडू सरळ मैदानाबाहेर गेला तर तो होम रन. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी येते. असे नऊ डाव होतात.

त्या काळी बेसबॉलचे घरगुती खेळ बाजारात मिळत होते, पण त्यांनी हॅलचे समाधान झाले नाही. चांगला फलंदाज आणि साधा फलंदाज यांच्यातला फरक खेळात दिसला पाहिजे. तसाच चांगल्या पिचरचा दराराही दिसला पाहिजे. हे कसे साधायचे? तो फासे घेऊन बसला आणि त्याने गणिताची मदत घेतली.

ते गणित आपणही समजून घेऊ. एक फासा टाकला तर एकपासून सहापर्यंत कोणताही आकडा येण्याची शक्यता सारखीच असते. पण दोन फासे टाकून त्यांची बेरीज केली, तर गंमत होते. दोन फासे एकूण ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांत बेरीज दोन येण्याचा प्रकार एकच आहे : एक आणि एक. बेरीज सात येण्याचे प्रकार मात्र सहा आहेत : एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन आणि सहा-एक. म्हणून सात वरचेवर येतो आणि दोन क्वचितच येतो.

हॅलने प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड तयार केले. त्यावर तीन रकाने असतात. फलंदाजाच्या कार्डावर एक, दोन, तीन हे रकाने आणि पिचरच्या कार्डावर चार, पाच, सहा हे रकाने. तीन फासे एकदम टाकायचे. त्यांतला एक वेगळ्या रंगाचा असतो. तो कोणता रकाना पाहायचा ते सांगतो. बाकीच्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ सांगते. त्या ओळीत निकाल छापलेला असतो : बाद, एक बेस, दोन बेस किंवा होम रन.

तीन फासे मिळून २१६ प्रकारे पडतात. समजा, एखाद्या फलंदाजाच्या पहिल्या रकान्यात सातपुढे होम रन लिहिला, तर २१६ पैकी ६ प्रकारांत होम रन मिळेल. तोच होम रन दोनपुढे लिहिला, तर २१६ पैकी फक्त एका प्रकारात मिळेल. खेळाडूने खऱ्या सामन्यांत वर्षभर काय केले त्याचे आकडे घ्यायचे आणि ते या ओळींवर बसवायचे. मग कार्ड त्या खेळाडूसारखे वागू लागते. अर्ध्या वेळा निकाल फलंदाजाच्या कार्डावरून लागतो आणि अर्ध्या वेळा पिचरच्या. म्हणजे दोघांचेही कसब मोजले जाते.

मोठा झाल्यावर हॅल रिचमनने हा खेळ विकायचे ठरवले. १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने तो बाजारात आला. सुरुवातीला धंदा नीट चालला नाही. तेव्हा त्याने वडिलांकडून पैसे उसने घेतले. खेळ चालला नाही, तर वडिलांच्या विमा व्यवसायात काम करायचे, अशी अट होती. सुदैवाने खेळ चालला आणि ती वेळ आली नाही.

अमेरिकेत हा खेळ दोघे मिळून खेळतात, तसा एकटे बसूनही खेळतात. एकटा खेळाडू दोन्ही संघांचा कप्तान होतो, फासे टाकतो आणि वहीत प्रत्येक धाव टिपून ठेवतो. खऱ्या स्पर्धेत आज प्रत्येक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो. काही हौशी माणसे आपल्या संघाचे सगळे सामने घरच्या टेबलावर खेळून काढतात. प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॅक केरुअॅक यांनी तर लहानपणी स्वतःच एक बेसबॉलचा खेळ बनवला होता. त्यातले संघ आणि खेळाडू त्यांच्या कल्पनेतले होते. मोठेपणीही त्यांनी तो सोडला नाही. त्या खेळाचे कागद आज न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे बेसबॉलची मैदाने कित्येक महिने ओस पडली, तेव्हा स्ट्रॅट-ओ-मॅटिकने ठरलेले सामने आपल्या खेळावर खेळून त्यांचे निकाल रोज जाहीर केले. मैदान बंद होते, पण फासे बंद नव्हते!

आता दुसऱ्या प्रकारच्या खेळांकडे वळू. हे आहेत युद्धाचे खेळ.

युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेल्या सैन्याचा चतुरंग हा खेळ प्राचीन भारतात खेळला जाई. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला आणि ‘चतुरंग’चे ‘शतरंज’ झाले. तुम्ही घरी उर्दूत ज्याला शतरंज म्हणता आणि मराठीत आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो, तो हाच. पण बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. खऱ्या लढाईत मात्र अचानक धुके पडते, निरोप वेळेवर पोहोचत नाही, तोफ चिखलात रुतते. हे पटावर कसे दाखवायचे?

प्रशिया या जर्मन राज्यात राइस्वित्झ नावाच्या पितापुत्रांनी याचे उत्तर शोधले. वडिलांनी १८१२ मध्ये आपला खेळ राजाला दाखवला. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने खेळात सुधारणा केली आणि १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. खऱ्या प्रदेशाचा मोठा नकाशा, सैन्य दाखवणारे लाल व निळे ठोकळे, निर्णय देणारा पंच आणि नुकसान ठरवणारे फासे, असा तो खेळ होता. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी त्यावर सराव करत.

पुढे हा खेळ छावणीतून घरात आला. ‘अदृश्य माणूस’ ही कल्पना ज्यांच्या कादंबरीमुळे जगभर पोहोचली, ते इंग्रज लेखक एच. जी. वेल्स खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून लढाया खेळत. त्यांची खेळण्यातली तोफ लाकडाचे छोटे तुकडे उडवत असे. १९१३ मध्ये त्यांनी या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. छोटे युद्ध खेळून पाहा, म्हणजे खरे युद्ध ही किती गोंधळाची आणि मूर्खपणाची गोष्ट आहे ते कळेल, असे त्यांचे सांगणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लाखो माणसे मेली.

पण शत्रूच्या बाजूने खेळायला कोणी नसेल तर? त्यासाठी एकट्याने खेळायचे खास खेळ निघाले. त्यांत शत्रूची चाल तक्ते आणि फासे मिळून ठरवतात. १९८१ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘बी-१७’ हा असाच एक खेळ. दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बफेकी विमानाचे तुम्ही प्रमुख असता. विमानात दहा माणसे. इंग्लंडहून उडायचे, शत्रूच्या मुलखात जायचे आणि परत यायचे. अशा २५ मोहिमा पुऱ्या केल्या की सुटका. हवा कशी आहे, शत्रूची विमाने आली का, गोळी कोठे लागली, हे सारे फासे सांगतात.

खेळ सुरू करताना त्या दहा माणसांना नावे द्यायची असतात. समजा, तुम्ही आपल्या मित्रांची नावे लिहिलीत. नऊ मोहिमा पार पडल्या. दहाव्या मोहिमेत फासा पडला. तक्त्यात पाहिले, तर तुमच्या सर्वांत जवळच्या मित्राला गोळी लागलेली! खोलीत कोणी नाही. फासा उचलून पुन्हा टाकला तर कोण पाहणार आहे?

विद्यार्थी मित्रांनो, एकट्याच्या खेळातली खरी कसोटी हीच आहे. मैदानावर पंच असतो, प्रतिस्पर्धी असतो, प्रेक्षक असतात. इथे पंचही आपण आणि खेळाडूही आपणच. फासा पुन्हा टाकला तर मित्र वाचेल, पण खेळ तिथेच संपेल. कारण त्यानंतरचा प्रत्येक विजय आपण स्वतःलाच देऊ केलेला असेल. म्हणून मुरलेला खेळाडू क्षणभर थांबतो आणि त्या नावावर मुकाट्याने रेघ मारतो.

ती रेघ मारताना आणखी एक गोष्ट आठवावी. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अशीच २९१ विमाने जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहरावर चालून गेली. त्यांतली ६० परत आली नाहीत. एका विमानात दहा माणसे, म्हणजे सुमारे सहाशे. काही मेली, काही कैद झाली. शहरातही माणसे होतीच. खेळात रेघ मारलेले नाव दुसऱ्या डावात पुन्हा लिहिता येते. त्या सहाशे जणांच्या घरी मात्र दुसरा डाव नव्हता. वेल्स यांना हेच सांगायचे होते.

पुढच्या पावसाळ्यात पुस्तकाचे क्रिकेट खेळाल, तेव्हा दोन फासेही जवळ ठेवा. चांगल्या फलंदाजासाठी बाद होण्याचा आकडा दोन ठेवा, कच्च्या फलंदाजासाठी सात ठेवा आणि काय होते ते पाहा. मात्र एक नियम विसरू नका : फासा पडला की पडला!

शब्दार्थ

सवंगडी – दोस्त, सोबती
उणीव – कमतरता
कसब – कौशल्य, हुन्नर
दरारा – धाक
रकाना – तक्त्यातला उभा भाग
हौशी – शौकीन
ओस पडणे – रिकामे होणे
छावणी – फौजेचा मुक्काम
मुलूख – प्रदेश
मुरलेला – अनुभवी
मुकाट्याने – काही न बोलता

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला काय म्हणतात?
(आ) दोन फासे एकूण किती प्रकारे पडू शकतात?
(इ) ‘शतरंज’ हा शब्द कोणत्या शब्दापासून झाला?

२. कारणे लिहा.
(अ) दोन फाशांची बेरीज सात वरचेवर येते.
(आ) पुस्तकाच्या क्रिकेटमध्ये चांगला आणि कच्चा फलंदाज सारखेच ठरतात.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एकट्याच्या खेळात खरी कसोटी कोणती?
(आ) वेल्स यांना आपल्या पुस्तकातून काय सांगायचे होते?

४. उपक्रम : दोन फासे १०० वेळा टाका. प्रत्येक बेरीज किती वेळा आली ते वहीत लिहा आणि मित्राच्या वहीशी ताडून पाहा.