वेबपानावरची मराठी
जुन्या डीटीपी फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. त्यामुळे असा मजकूर वेबपानावर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि सर्च इंजिनला त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही. कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणावा. नंतर रफार आणि जोडाक्षरे तपासणे अजिबात टाळू नये. अशा युनिकोड मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता व बलू हे देखणे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवल्यास, सोय असलेल्या फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. अक्षरांमधले अंतर वाढवल्यास शिरोरेखा तुटते. ओळींमधले अंतर मात्र रोमन मजकुरापेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.