संध्याकाळची एक वाटी शिंपला

परवाच्या शुक्रवारी जागतिक अंडी दिन झाला. अंड्यात प्रथिनं किती, रोज किती खावीत, भाव कुठे चाललेत, हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. १९९६ साली व्हिएन्नाच्या परिषदेत अंडी-व्यवसायाने ठरवलेला हा दिवस. त्या दिवशी विचार होतो तो खाणाऱ्याचा. मला घालणारीची विचारपूस करायची होती, म्हणून ऑक्टोबरच्या भर उन्हात ट्रॉम्बेचा कोळीवाडा गाठला. ओळखीच्या एका मावशींचा आदल्या रात्री फोन आला होता, "चिमी अंडं घालत नाहीये, नुसती कुंथतेय."

चिमी तांबूस रंगाची, गिरिराज जातीची, दीड वर्षाची. ओट्यावर डाल्याला टेकून उभी होती. छाती वर, शेपूट जमिनीकडे, पाय फाकलेले. एरवी लालभडक असणारा तुरा फिका पडला होता. मधूनच डोळे मिटायची आणि शेपटाखालचा भाग आत-बाहेर व्हायचा. "चार दिवसांपूर्वीचं अंडं पिशवीसारखं मऊ होतं. मला वाटलं, उन्हानं असेल," मावशी म्हणाल्या. खायला काय देता, विचारलं. कणी, उरलेला भात, चपातीचे तुकडे. लाडाने, पोटभर, रोज.

चिमीचं दुखणं त्या उत्तरातच होतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला चारेक ग्रॅम जावं लागतं, कारण खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. शंभर ग्रॅम तांदळात ते दहा-वीस मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. धान्यांत सगळ्यांत श्रीमंत आपली नाचणी, तिच्यातही साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मग भात खाणारी कोंबडी कवच आणते कुठून?

हा प्रश्न फ्रान्सच्या लुई निकोला व्होकलाँ या रसायनशास्त्रज्ञाला १७९९ साली पडला होता. क्रोमियम शोधून काढणारा हा माणूस. त्याने एका कोंबडीला मोजून ओट खाऊ घातले, ओटमधला चुना मोजला, मग तिच्या अंड्यांच्या कवचातला आणि विष्ठेतला मोजला. बाहेर पडलेला चुना आत गेलेल्यापेक्षा जास्त भरला. हिशेब चोख होता, अर्थ लागत नव्हता. पुढे १९६०च्या दशकात लुई केरव्राँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने त्याचा भलताच अर्थ लावला: कोंबडी पोटात पोटॅशियमचं कॅल्शियम करते, एका मूलद्रव्याचं दुसरं! पोटॅशियमच्या अणूत हायड्रोजनचा अणू मिळवला की कॅल्शियम, असं त्याचं गणित. या सिद्धांताला १९९३ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. तरीही कोंबडी आपलं कॅल्शियम आपणच तयार करते, असं सांगणारे लोक आजही भेटतात.

ट्रॉम्बेत तरी हे कुणी मानू नये. ४ ऑगस्ट १९५६ला इथेच अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. अणूचं केंद्रक बदलायला काय काय लागतं, हे या गावाचा शेजारच सांगेल. कोंबडीच्या पोटात अणुभट्टी नसते. व्होकलाँच्या हिशेबात एक खातं राहून गेलं होतं, ते म्हणजे तिची हाडं. अंड्यावर येणाऱ्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होतं, केवळ कवचासाठी साठवण म्हणून. १९४९ साली अमेरिकेत कॉमर आणि ड्रिगर्स यांनी किरणोत्सारी कॅल्शियम देऊन त्याचा अंड्यापर्यंतचा माग काढला. खाण्यातून येतं ते बरंचसं थेट कवचात जातं, उरलेलं हाडांतून निघतं. खाण्यात काहीच नसेल तर सगळंच हाडांतून. भातावर अंडी देणारी कोंबडी हाडं झिजवून अंडी देत असते. हे कळल्यापासून मला तिच्या अंड्याकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

आता वेळेचं गणित बघा. अंडं तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास एकट्या कवचाचे, आणि त्यातही मोठं काम रात्री चालतं. कोंबडी तेव्हा झोपलेली, चारा बंद. उपसा एवढा मोठा, की रक्तात असतं तेवढं कॅल्शियम काही मिनिटांतच संपावं. म्हणून पोल्ट्रीवाले संध्याकाळी जाडसर शिंपला टाकतात. तो पेट्यात, आपल्या कलेजी-पेट्यातल्या त्याच पेट्यात, रात्रभर रेंगाळतो आणि हळूहळू विरघळतो. बारीक पूड लवकर पुढे सरकते, ऐन रात्री उपयोगी पडत नाही.

मऊ अंडं आणि अडकलेलं अंडं ही दोन दुखणी वेगळी नाहीत. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूलाही कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं की कवचही पातळ आणि जोरही अपुरा. त्यात ऑक्टोबरची काहिली. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड जातो, रक्ताचं रसायन बिघडतं, कवच आणखी पातळ होतं, आणि उन्हाने खाणंही घटतं. तेव्हा मावशींचा उन्हावरचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. भरीला, गॅलरीत कोंडलेल्या कोंबडीला ड जीवनसत्त्वापुरतं थेट ऊन मिळत नाही. आणि घरातला दिवा रात्री अकरापर्यंत जळत राहिला की दिवस मोठा आहे असं तिचं शरीर समजतं, अंडी थांबतच नाहीत. तिला अंधार द्या, विश्रांती द्या.

चिमीचं काय केलं ते सांगते. पशुवैद्यांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं. टबात हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, पोट बुडेल एवढंच, वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं फडफडली, मग मान खाली घालून गप्प बसली. कोरडं करून, अंडं येतं त्या वाटेच्या कडेला खोबरेल तेल लावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ कॅल्शियम चोचीच्या कडेने थेंब थेंब दिलं; घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं. मग अंधाऱ्या खोक्यात, पंखा बंद. दुपारी साडेतीनला अंडं आलं. कवचावर सुरकुत्या होत्या, खरखरीत काचकागदासारखं लागत होतं, आणि टोकाशी बोटाने दाबलं तर आत जाईल इतकं पातळ होतं.

पोट दाबू नका. आत बोट घालून अंडं फोडू नका. कवचाच्या कपच्यांनी जखम होते, बलक पोटाच्या पोकळीत गेला तर आत दाह होऊन कोंबडी जाते. पानाचा चुना चोचीत घालू नका, तो तोंड भाजतो. दोन-चार तासांत फरक पडला नाही तर डॉक्टर गाठा. कॅल्शियमचं इंजेक्शन, गर्भाशय आकुंचवणारं औषध, हे त्यांनीच द्यायचं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, ट्रॉम्बेहून टॅक्सीने तासाभराचा रस्ता. "अहो, कोंबडीला कसला डॉक्टर?" असं तिथे नेताना शेजारी म्हणतील. म्हणू देत. जिने वर्षभर अंडी दिली, तिच्यासाठी एक टॅक्सी जास्त नाही.

परत निघताना गल्लीच्या टोकाला कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग दिसला. कॅल्शियमच्या काही गोळ्यांच्या पाकिटावर 'ऑयस्टर शेल' छापलेलं असतं, ते हेच, कालवाचं कवच. दारात हे पडलेलं आणि चिमी त्याच्यावाचून अडलेली! तरी एक सावधगिरी: शेजारच्या ठाण्याच्या खाडीत कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी जातं, त्यामुळे पोल्ट्रीच्या दुकानातला पाकीटबंद शिंपला मला जास्त भरवशाचा वाटतो. तोही न मिळाल्यास घरच्या अंड्यांची टरफलं धुऊन, तव्यावर भाजून, तुरीच्या डाळीएवढी कुटा. टरफल ओळखू येईल असं ठेवू नका, कोंबडी अंडी फोडायला शिकते. आणि शिंपला असो वा टरफल, खाण्यात मिसळू नका. कोंबडा आणि पिल्लं तेच खातात, आणि जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर जातं. वेगळी वाटी ठेवा; अंड्यावरची कोंबडी तिला लागेल तेवढंच उचलते.

ज्यांच्या घरी कोंबडी आहे त्यांनी आज खुराडं लावायच्या आधी ती वाटी आत ठेवावी.