व्यावसायिक परिषद आणि अभ्यासकाचा अधिकार

अभ्यासकाने आपल्या विषयाच्या परिषदेचे सभासद व्हावे, असा उपदेश प्रत्येक विभागात केला जातो. नियतकालिक, वार्षिक अधिवेशन, ज्येष्ठांचा परिचय हे त्याचे लाभ म्हणून सांगितले जातात. ते खरे असले तरी गौण होत. एखाद्या समाजाविषयी शास्त्र पुष्कळ बोलते, पण त्या समाजातील माणसे त्या शास्त्रात क्वचितच आढळतात. अशा समाजातून आलेल्या अभ्यासकास परिषदेचे प्रयोजन याहून मूलभूत असते.

या दृष्टीने अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांचे उदाहरण उद्बोधक आहे. फ्रान्सिस सम्नर हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत. ती त्यांना १९२० मध्ये मिळाली. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद मात्र १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाली. कृष्णवर्णीय मुलांवर बुद्धिमापन चाचण्यांचा वापर थांबवावा, ही तिच्या आरंभीच्या मागण्यांपैकी एक होती.

त्या मागणीचे महत्त्व पुढे एका खटल्यात स्पष्ट झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील काही कृष्णवर्णीय मुलांना चाचणीतील गुणांवरून मतिमंदांच्या वर्गात बसविण्यात आले होते. १९७१ मध्ये त्यांच्या वतीने दावा दाखल झाला. परिषदेच्या स्थानिक शाखेतील मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांची पुन्हा चाचणी घेतली, प्रश्न त्यांच्या परिचयाच्या भाषेत विचारले, आणि गुण वाढलेले आढळले. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी त्या कारणासाठी अशा चाचण्यांचा वापर करण्यास कॅलिफोर्नियात मनाई केली. एकट्या शिक्षकाने हाच आक्षेप घेतला असता तर ते त्याचे वैयक्तिक मत ठरले असते. परिषदेने तो घेतला तेव्हा त्यास शास्त्रीय पुराव्याचे स्थान मिळाले. परिषदेच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट विल्यम्स, यांनी १९७३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या भाषेसाठी ‘एबॉनिक्स’ ही संज्ञा योजिली. जी बोली केवळ अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणविली जात होती, ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हा त्यामागील आग्रह होता.

डहाणू व तलासरी तालुक्यांत हा प्रश्न परका नाही. आगर असो वा कोसबाद, वारली घरातील मूल जी बोली घेऊन शाळेत येते ती पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे. प्रश्न प्रमाण मराठीत विचारला आणि मूल गप्प राहिले, तर त्या मौनाचा अर्थ काय लावावयाचा? मुलास विषय कळला नाही, की प्रश्नाची भाषा? हा भेद न करणारी चाचणी बुद्धीऐवजी भाषेचे मापन करते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाद परिसरात बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलाच्या परिसरातूनच शिक्षण सुरू व्हावे, हे तत्त्व त्या प्रयोगाच्या मुळाशी होते. ताराबाईंच्या मागेही १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचे, म्हणजे व्यवसायबंधूंच्या संघटनेचेच, बळ होते.

संघटनेचे बळ याच परिसरात अलीकडे दुसऱ्या क्षेत्रातही प्रत्ययास आले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले; त्यासाठी अर्ज आदिवासी युवा सेवा संघाने केला होता. १९९९ च्या कायद्यानुसार असा अर्ज एकट्या कलावंतास करता येत नाही. तो उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेने, संस्थेने वा प्राधिकरणाने करावयाचा असतो.

यास्तव आदिवासी घरांतून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी परिषदेचा विचार केवळ नोकरीच्या सोयीपुरता करू नये. परिषद सभासदास प्रतिष्ठा देते, तशी जबाबदारीही देते: चाचणी तपासण्याची, पर्यायी प्रश्नावली सिद्ध करण्याची, आणि आपल्याच निष्कर्षांवर समव्यावसायिकांची टीका ऐकण्याची. ही टीका टाळणारी परिषद केवळ मंडळ होऊन राहते. ती स्वीकारणारी परिषद मात्र वर्गातील मुक्या मुलाच्या वतीने शास्त्रास प्रश्न विचारू शकते.