शेपटी धरून मेल सापडत नाही

मार्चअखेरीला आमच्या सोसायटीचे खजिनदार काका लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा निकाल आधीच लागलेला होता. "लिफ्टवाल्याने बिल पाठवलेलंच नाही. मी स्वतः मेलमध्ये शोधलं. नाही म्हणजे नाही." काय टाकून शोधलंत, असं विचारलं तर म्हणाले, "बिलाचे शेवटचे चार आकडे. ४७८१. तेवढेच लक्षात राहतात." तिकडे लिफ्टवाला फोनवर शपथा घेत होता, की फेब्रुवारीतच पाठवलंय. समितीच्या बैठकीत त्याचं कंत्राट काढून घ्यायची भाषा सुरू झाली होती.

मी कंपनीचं नाव टाकलं, तारीख फेब्रुवारीपुरती केली. तीन मेल आले, दुसऱ्यात बिल. विषयाच्या ओळीत क्रमांक होता तो असा: एलएमसी२३२४००४७८१. सगळं एकाला एक चिकटलेलं. मध्ये ना मोकळी जागा, ना तिरकी रेघ. काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "हे काय, आहेत की चार आकडे! मग याला दिसले कसे नाहीत?"

हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता उत्तर देताना आवाज आपोआप चढतो. पॉलिसीचे शेवटचे आकडे, आडनावाचं शेवटचं अक्षर, फाइलच्या नावाचा मधलाच तुकडा टाकायचा आणि काही आलं नाही, की 'मेल आलाच नाही', 'पुसला गेला', 'हॅक झालं' इथवर जाऊन पोचायचं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मोठा गैरसमज: सर्च सगळे मेल वाचून काढतो

वाचत नाही. तुम्ही सर्चच्या चौकटीत शब्द टाकता तेव्हा प्रोग्राम बहुधा एकही मेल उघडत नाही. तो फक्त एक वही उघडतो.

या समजाचं मूळ मला ठाऊक आहे. आपण बहुतेक जण 'शोधणं' शिकलो ते वर्डमध्ये. कंट्रोल आणि एफ दाबायचं, 'कर' टाइप करायचं, की तेंडुलकर, करंदीकर, नोकर, भाकरी, सगळ्यांतला 'कर' उजळून निघतो. ('सरकार' तेवढं सुटतं, तिथे क आणि र यांच्या मध्ये काना उभा आहे.) तिथे पंधरा-वीस पानं समोर उघडी असतात आणि यंत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरोखरच धावत जातं. मेलच्या पेटीत पंधरा वर्षांचा कागद साठलेला असतो. प्रत्येक वेळी तो सगळा चाळायचा, तर दर शोधाला चहा टाकून यावं लागेल.

म्हणून काम आधीच करून ठेवलेलं असतं. मेल येताच प्रोग्राम त्याचे शब्द सुटे करतो आणि वहीत नोंदतो: हा शब्द या या मेलमध्ये आहे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तीच ही. तुकारामांच्या गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. अभंगाचा पहिला चरण आठवत असेल तर पान क्षणात सापडतं. पण आपल्याला नेमका आठवतो तो 'तुका म्हणे'नंतरचा चरण, आणि मग सूची हातात असून उपयोग नसतो. अभंग गाथेतून पळून गेलेला नसतो. आपण त्याला शेपटीकडून धरायला बघत असतो.

वहीतही तसंच. 'कर'ने सुरू होणारे शब्द, म्हणजे करंदीकर, करमरकर, करवत, हे शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांना एका झटक्यात उचलता येतं. 'कर'ने संपणारे मात्र वहीभर पांगलेले. गावस्कर 'ग'मध्ये, तेंडुलकर 'त'मध्ये, मंगेशकर 'म'मध्ये. त्यामुळे शब्दाची सुरुवात देऊन शोधायची सोय काही प्रोग्राम देतात, शेवट देऊन शोधायची सोय फारच थोडे.

आता काकांच्या बिलाकडे. शब्द सुटे करताना प्रोग्राम मोकळी जागा, तिरकी रेघ, आडवी रेघ अशा खुणांपाशी कात्री चालवतो. काकांच्या क्रमांकात अशी एकही खूण नव्हती, म्हणून तो अख्खा लांबलचक क्रमांक वहीत 'एक शब्द' म्हणून गेला. त्याच कंपनीने तोच क्रमांक तिरक्या रेघा देऊन लिहिला असता, तर ४७८१ हा स्वतंत्र शब्द झाला असता आणि बिल सापडलं असतं. 'कधी सापडतं, कधी सापडत नाही, याचं काही खरं नाही' ही तक्रार इथून येते. यंत्राला लहर नसते. बिल बनवणाऱ्याला असते.

कोणता प्रोग्राम काय करतो

तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून संबंधितांच्याच तोंडचं सांगतो. जीमेलच्या साहाय्य-पानावर एके काळी स्वच्छ लिहिलेलं होतं, की शब्दाचा तुकडा जुळवला जात नाही. 'ट्रॅव्हल' शोधलंत तर 'ट्रॅव्हलर' येणार नाही. आता जीमेल इंग्रजी शब्दांची काही जवळची रूपं आपणहून धरतो (ती नको असतील तर शब्दाआधी अधिकचं चिन्ह द्यायची सोय आहे), पण शब्दाच्या पोटातला किंवा शेपटीचा तुकडा आजही त्याला चालत नाही. गंमत अशी, की १ एप्रिल २००४ ला ही सेवा आली ती सर्चच्याच बळावर. इतर फुकट सेवा दोन-चार एमबी जागा देत असताना हिने १ जीबी दिली, इतकी की अनेकांना तो एप्रिल फूल वाटला. मेल लावत बसू नका, शोधा, असं सांगणं होतं. शोधा खरं, पण अख्खा शब्द देऊन.

आउटलुक शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतो. 'इन्व्हॉ' टाकलं तर 'इन्व्हॉइस' मिळतं. 'व्हॉइस' टाकलं तर नाही. मायक्रोसॉफ्टच्या शोधभाषेच्या कागदपत्रांतच म्हटलंय, की तारांकन शब्दाच्या शेवटी लावता येतं, सुरुवातीला नाही.

थंडरबर्डमध्ये दोन वेगवेगळे सर्च आहेत आणि गोंधळ त्यातूनच होतो. २००९ च्या डिसेंबरात तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेला सगळ्या पेटीचा सर्च हा वहीवाला. यादीच्या वर असते ती 'क्विक फिल्टर'ची पट्टी मात्र खरोखर अक्षरं जुळवते. तिथे ४७८१ टाकलं असतं, तर विषयाच्या ओळीतलं ते चिकटलेलं शेपूट सापडलं असतं. शेपूट धरायचंच असेल, तर हे हत्यार.

आणि एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांची अपेक्षा खुळी नव्हती. सर्व्हरवरचे मेल वाचण्याचा जो आयमॅप नावाचा करार आहे, त्याच्या मार्च २००३ च्या मसुद्यात लिहिलंय, की शोधलेली अक्षरं मजकुरात कुठेही आली तरी ते जुळलं असं धरावं. म्हणजे कागदावर काकाच बरोबर. पण पेट्या फुगल्या, वह्या आल्या आणि अनेक सर्व्हरांनी हा नियम सोयीने बाजूला ठेवला.

मग तुकड्यांची वही करताच येत नाही का? येते. शब्दाऐवजी तीन-तीन अक्षरांचे तुकडे नोंदायचे. ४७८१ साठी ४७८ आणि ७८१. गूगलचाच 'कोड सर्च' २००६ पासून याच युक्तीवर चालत होता. तो बंद पडल्यावर रस कॉक्स यांनी २०१२ मध्ये ती सविस्तर लिहून ठेवली. लाखो फोनांत बसलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्येही २०२० च्या अखेरीपासून ही सोय आहे. पण वही कितीतरी जाड होते, आणि कोट्यवधी लोकांच्या पेट्यांना ते गुणलं की खर्चाचा प्रश्न येतो. 'जमत नाही' आणि 'परवडवून घेतलेलं नाही' यांतला फरक ग्राहकाला माहीत असावा.

मराठीत हे दुखणं दुप्पट

इंग्रजी माणूस 'मीटिंग' शोधतो तेव्हा मेलमध्ये बहुधा 'मीटिंग'च असतं. आपण 'सभा' शोधतो तेव्हा मेलमध्ये असतं 'सभेची सूचना', 'सभेला यावे', 'सभांचे इतिवृत्त'. प्रत्यय आधी नामाचं सामान्यरूप करतो आणि मग त्याला घट्ट चिकटतो. वहीच्या लेखी 'सभा' आणि 'सभेची' हे दोन परके शब्द. इंग्रजीसाठी शेपट्या छाटणाऱ्या कात्र्या आहेत. मार्टिन पोर्टर यांची १९८० सालची पद्धत त्यांतली प्रसिद्ध, थंडरबर्डही तीच वापरतो. ती 'मीटिंग्ज'चं 'मीट' करून देते, 'सभेची'ला हात लावत नाही.

सुरुवातीवरून जुळवणाऱ्या प्रोग्रामात यावर उपाय आहे, पण डोकं लावून. 'सभा' टाकलं तर 'सभासद' फुकट मिळतात आणि 'सभेची' निसटते. 'सभ' टाकलं तर दोन्ही येतात, वर 'सभ्य' येऊन बसतो. 'पुणे' टाकून 'पुण्याला' मिळणार नाही. 'पुण' टाकावं लागतं. थोडक्यात, शब्दाचा न बदलणारा भाग तेवढा द्यायचा, काना-मात्रा तोडून.

त्यात लिपीच्या खोड्या वेगळ्या. 'दुसऱ्या'तला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही वेगळे. आणि युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांत केलेली जुनी परिपत्रकं म्हणजे मराठीचा मुखवटा घातलेली इंग्रजी अक्षरं. तिथे मराठी शब्द शोधणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

बाकीचे गैरसमज, एकेका ओळीत

*'तारांकन लावलं की झालं.'* आउटलुकमध्ये शब्दाच्या शेवटी चालतं. जीमेलमध्ये शब्दाच्या तुकड्यासाठी लावलं तरी तेच, न लावलं तरी तेच.

*'अवतरणचिन्हांत टाकलं की नेमकं मिळतं.'* अवतरणचिन्हं शब्दांचा क्रम पक्का करतात. अर्ध्या शब्दाचा अख्खा करत नाहीत.

*'सर्चमध्ये नाही म्हणजे पेटीतच नाही.'* जीमेलचा साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅश बघतच नाही. शोधाच्या पर्यायांत तेही धरायला सांगावं लागतं, आणि लवकर, कारण तिथला माल ३० दिवसांत जातो.

*'कॅपिटल-स्मॉलची गडबड झाली असेल.'* नाही हो. त्याने काही फरक पडत नाही.

*'फोनवर शोधलं, नाही मिळालं.'* अनेक अ‍ॅप फोनवर अलीकडचेच मेल ठेवतात. खाली 'सर्व्हरवर शोधा' असं काही दिसलं तर ते दाबा.

*'जोडलेल्या फाइलमध्ये आहे, म्हणजे सापडेलच.'* पासवर्ड लावलेली बँकेची पीडीएफ बाहेरून कुणालाच वाचता येत नाही, सर्चलाही नाही.

*'फोल्डर लावले असते तर ही वेळ आली नसती.'* स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ जणांनी जुने मेल कसे शोधले याच्या ८५ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. फोल्डरांची उतरंड रचणाऱ्यांना मेल जास्त सापडत होते असं दिसलं नाही.

मग करायचं काय

तुकडाच आठवत असेल तर तो बाजूला ठेवा आणि दुसरं काय आठवतं ते स्वतःला विचारा. कुणी पाठवलं? साधारण कधी? फाइल जोडली होती का? जीमेलच्या सर्चच्या चौकटीत उजवीकडे पर्यायांचं चिन्ह असतं; त्यात पाठवणारा आणि तारीख भरली की हजारो मेलांचे चाळीस-पन्नास होतात. मग त्या यादीवर कंट्रोल आणि एफ दाबून ४७८१ टाका. हा शोध ब्राउझरचा, वर्डसारखाच अक्षरं जुळवणारा. समोर दिसणाऱ्या विषयांच्या ओळींत शेपूट असेल तर तो दाखवतो. जीमेलमध्ये एका पानावर १०० मेल दिसतील अशी सेटिंग करून ठेवली, की जाळं आणखी मोठं होतं.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिफ्टवाल्याला फोन केला आणि माफी न मागता म्हणाले, "बिल मिळालं. पण पुढच्या वेळी नंबर जरा सुटा लिहा." मी हसलो; नंतर वाटलं, सगळ्या भानगडीतला सगळ्यात शहाणा उपाय त्यांनीच सांगितला. शोधणाऱ्याने कितीही युक्त्या केल्या तरी वहीत शब्द कसा जाणार, हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं.

परवा सोसायटीच्या देखभालीची पावती आली. विषयाच्या ओळीत: 'पावती, बी विंग, सदनीका ३०४, एप्रिल'. सगळं सुटं सुटं. 'सदनिका' मात्र काकांनी 'सदनीका' अशी लिहिली आहे. म्हणजे पुढच्या मार्चमध्ये मी तीच शोधत बसणार.