खानदेशांतील भिल्ल आणि मिशनचीं दप्तरें

खानदेशांतील भिल्लांस धर्मच नव्हता, हा समज आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. वाघदेव व देवमोगरा यांस भजणाऱ्यांपैकीं अनेकांस १९०१ च्या खानेसुमारीनें ‘अ‍ॅनिमिस्ट’ म्हटलें. १९३१ त ‘आदिम जातींचा धर्म’ हा रकाना आला. नांव बदललें तें रकान्याचें, श्रद्धेचें नव्हे. पश्चिम खानदेशांत, म्हणजे आजच्या धुळें-नंदुरबारांत, स्कॅंडिनेव्हियन अलायन्स मिशननें (स्थापना १८९०) काम केलें. खानेसुमारी केवळ संख्या छापते. चर्चच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी व्यक्तिवार होतात. ज्या कुळांस सनद नाहीं, वंशावळ नाहीं, त्यांच्या पूर्वजांचीं नांवें तेथें सांपडण्याचा संभव आहे. मात्र त्या नोंदी धर्मांतरितांच्याच, हें विसरूं नये. संग्राहकांनीं हीं दप्तरें कसर लागण्यापूर्वींच नकलून घ्यावीं.