युद्धाचा ताण, घशाशी येणारं आम्ल आणि टक्केवारीचा हिशेब

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईच्या फायलींत एक जोडी वारंवार भेटते. वर पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगातून गेल्यावर मनात ठाण मांडून बसणारा विकार. खाली जीईआरडी, म्हणजे जठरातलं आम्ल पुन्हा पुन्हा अन्ननलिकेत चढण्याचा आजार. बाहेरच्या माणसाला हे पाहून हसू येतं. लढाई कुठे आणि ॲसिडिटी कुठे! मराठी घरात मात्र कुणी हसणार नाही. जागरण झालं, जिवाला घोर लागला की पित्त खवळतं, हे आपल्याकडे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दावा लढवताना हसणाऱ्याचा अविश्वास कामाचा नाही आणि आपली खात्रीही नाही. अमेरिकेचं माजी सैनिक खातं, ज्याला तिथे सगळे ‘व्हीए’ म्हणतात, दोन स्वतंत्र प्रश्न विचारतं. हा आजार त्या आजारामुळे आहे का? आणि असला, तर अपंगत्व किती टक्के? लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतात, दुसऱ्याचं पहिल्याला, आणि मग नकाराचं पत्र हातात घेऊन बसतात.

गैरसमज: ‘सैन्यात असताना ॲसिडिटीची नोंद नाही, म्हणजे दावा बसत नाही’

या समजुतीपायी कित्येक जण अर्जच करत नाहीत. आजार नोकरीतच सुरू झाला असं दाखवणं हा भरपाईचा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता दुय्यम दाव्याचा. तो संघराज्याच्या नियमावलीतल्या ३८ सीएफआर ३.३१० या कलमात आहे. एखादा आजार सेवेशी जोडलेला म्हणून आधीच मान्य झाला असेल आणि त्याच्यामुळे दुसरा आजार जडला असेल, तर दुसराही सेवेशी जोडलेला धरतात.

समजा, एक जण २००६ मध्ये इराकहून परतला. २०१२ मध्ये त्याचा पीटीएसडी मान्य झाला. छातीतली जळजळ सुरू झाली ती २०१८ मध्ये. त्याने सैन्यातल्या जुन्या कागदांत ॲसिडिटीच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधत बसायचं कारण नाही. मान्य झालेला पीटीएसडी, जीईआरडीचं आजचं निदान आणि दोहोंना जोडणारं वैद्यकीय मत, एवढं त्याला लागतं. पीटीएसडी रणांगणावरचाच असला पाहिजे असंही नाही. अपघातातून किंवा सैन्यातल्या लैंगिक अत्याचारातून आलेला पीटीएसडीही तितकाच चालतो.

याच कलमात आणखी एक वाट आहे आणि ती फार जणांच्या नजरेतून सुटते. जळजळ आधीपासूनच होती, पीटीएसडीने ती वाढवली, असंही म्हणता येतं. १९९५ च्या ॲलन विरुद्ध ब्राउन खटल्याने हे पक्कं केलं. मात्र भरपाई फक्त वाढीव भागाची मिळते, त्यामुळे आधीची स्थिती काय होती हे वैद्यकीय कागदांतून दाखवावं लागतं. व्हीएचा तपासनीस डॉक्टर ‘पीटीएसडीमुळे झालेला नाही’ एवढंच लिहून मोकळा झाला आणि ‘वाढला का’ याला त्याने हातच लावला नाही, तर तो अहवाल अपुरा ठरतो. २०१३ च्या एल-अमीन विरुद्ध शिन्सेकी या निकालाचा आधार त्याला आहे. नकाराचं पत्र वाचताना तपासनीसाचं ते वाक्य आधी शोधावं.

गैरसमज: ‘ताणाने आम्ल वाढतं, एवढं डॉक्टरांनी लिहिलं की झालं’

मुळात ताण आला की जठरात आम्लाचा पूर येतो, हे चित्रच ढोबळ आहे. जीईआरडीत मुख्य बिघाड असतो अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथल्या स्नायूंच्या कड्यात. ते नको तेव्हा सैल पडतं आणि आम्ल वर येतं. चिंताग्रस्त रुग्णांना मुद्दाम ताण देऊन पाहिलेल्या प्रयोगांत जळजळीची तक्रार वाढली, पण अन्ननलिकेत मोजलेलं आम्ल त्या प्रमाणात वाढलेलं दिसलं नाही. तितकंच आम्ल ताणलेल्या माणसाला जास्त जाळतं. अन्ननलिकेचे मज्जातंतू हळवे होतात. म्हणून दुर्बिणीतून अन्ननलिका निरोगी दिसली तरी माणूस खोटं बोलतोय असं ठरत नाही. जीईआरडीच्या पुष्कळ रुग्णांची एंडोस्कोपी साफ येते.

पीटीएसडीचे आडवाटेचे परिणाम तर याहून ठळक असतात. दुःस्वप्नांनी झोप मोडते. रात्री दोनला उठून माणूस काहीतरी खातो आणि पुन्हा आडवा होतो. उशाशी टम्स या ॲसिडिटीच्या गोळ्यांची बाटली असते, कधी शेजारी सिगारेटचं पाकीटही. निकोटीन आणि दारू दोन्ही त्या कड्याला सैल करतात. पीटीएसडीवर अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळालेली सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन ही औषधंही मळमळ आणि पोटाच्या तक्रारी घडवू शकतात. गुडघेदुखीवर कुणी रोज आयबुप्रोफेन घेत असेल, तर त्याची भर वेगळी.

इथे थोडं सावध राहायला हवं. पोटातला अल्सर हा ताणाचा आजार, असं डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं सांगत आले होते. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पुढे आणला आणि २००५ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. तेव्हापासून ‘ताणामुळे पोट बिघडलं’ या वाक्याकडे तपासनीस संशयानेच पाहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. जीईआरडीच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ज्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, त्यांच्यात पीटीएसडी आणि आम्ल वर येण्याच्या तक्रारी एकत्र आढळल्या. त्या हल्ल्यातल्या बचावकर्त्यांसाठी असलेल्या आरोग्य योजनेत जीईआरडीचा समावेशही आहे. अर्थात त्यांच्या पोटात आणि फुप्फुसात धूळही गेली होती, त्यामुळे सगळं माप ताणाच्या पदरात घालता येत नाही.

पण गटात संबंध दिसला म्हणून या एका माणसात तो आहेच असं होत नाही. डॉक्टरांच्या पत्राची खरी कसोटी इथे लागते. २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिग्ज विरुद्ध पीक या निकालात न्यायालयाने सांगितलं की वैद्यकीय मताचं वजन त्यामागच्या कारणमीमांसेत असतं. ‘माझ्या मते संबंध आहे’ एवढ्या एका ओळीला किंमत जवळपास शून्य. कामाचं पत्र असं चालतं: यांचा पीटीएसडी अमुक साली मान्य झाला, जळजळ त्यानंतर अमुक काळाने सुरू झाली, झोप मोडण्याच्या नोंदी आणि जळजळीच्या नोंदी एकाच काळातल्या आहेत, वजन, औषधं, हर्निया ही इतर कारणं तपासली, त्यावरून संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे.

शेवटच्या वाक्यावर दावा तरतो. खात्रीची गरज नाही. पारडी सारखी झाली तरी कायदा सैनिकाच्या बाजूने कौल देतो. उलट ‘संबंध असू शकेल’ असं मोघम लिहिलं की तो निव्वळ अंदाज ठरतो. डॉक्टर भिडस्तपणे ‘असू शकेल’ लिहितात आणि त्यांच्या सावधपणाची किंमत रुग्ण मोजतो. जळजळ कधीपासून होते, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे मात्र सैनिक स्वतः सांगू शकतो, बायको सांगू शकते, आणि ते पुरावा म्हणून धरलं जातं. कारण कोणतं, हे डॉक्टरांनी सांगायचं.

गैरसमज: ‘दारूचा किंवा वजनाचा उल्लेख आला की दावा पडला’

म्हणून लोक लपवतात. रुग्णालयाच्या नोंदींत सगळं लिहिलेलं असतंच. लपवणारा तेवढा खोटा पडतो. २००१ च्या ॲलन विरुद्ध प्रिन्सिपी या निकालानुसार, मान्य झालेल्या पीटीएसडीमुळे दारूचं व्यसन लागलं हे स्पष्ट वैद्यकीय पुराव्याने दाखवता आलं, तर व्यसनाचे परिणामही त्या साखळीत येतात. नुसतं ‘मी प्यायलो ते सैन्यामुळे’ म्हणून भागत नाही.

लठ्ठपणाचं गणित वेगळं आहे. व्हीए लठ्ठपणाला भरपाईयोग्य आजार मानत नाही. पण २०१७ मध्ये व्हीएच्याच मुख्य कायदा सल्लागाराने मत दिलं की तो मधली पायरी ठरू शकतो. पीटीएसडीमुळे वजन वाढलं का? वाढलेलं वजन जीईआरडीचं ठळक कारण आहे का? वजन वाढलं नसतं तर जीईआरडी झाला असता का? ही तिन्ही उत्तरं नीट आली, तर तपासनीसाने ‘कारण पीटीएसडी नव्हे, वजन’ असं लिहिलेलं वाक्य दाव्याच्या विरोधात न जाता त्याच्याच कामी येतं.

गैरसमज: ‘जळजळ जितकी जास्त, तितके टक्के जास्त’

एके काळी साधारण तसं होतं. व्हीएच्या टक्केवारीच्या कोष्टकात जीईआरडीला स्वतःचा क्रमांक नव्हता. हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकणं, याच्या ७३४६ या क्रमांकाखाली तो तोलला जायचा. जळजळ, गिळताना त्रास, घशाशी येणं आणि त्यासोबत छातीत, दंडात किंवा खांद्यात दुखणं, यांनी तब्येत बरीच खालावली असेल तर ३० टक्के.

१९ मे २०२४ पासून पचनसंस्थेचं कोष्टक बदललं. जीईआरडीला ७२०६ हा क्रमांक मिळाला आणि मोजपट्टीच वेगळी झाली. आता पाहतात ते अन्ननलिका आकसून अरुंद झाली आहे का, एवढंच. ती अरुंद झाली आहे आणि गिळण्याच्या त्रासासाठी रोज औषध लागतं, तर १० टक्के. वारंवार अरुंद होते आणि वर्षात दोन वेळांपर्यंत फुगा घालून रुंद करावी लागते, तर ३०. तीन किंवा अधिक वेळा रुंद करावी लागली, स्टिरॉइड वापरावं लागलं किंवा स्टेंट बसवावा लागला, तर ५०. अन्न श्वासनलिकेत जाणं, कुपोषण किंवा वजन बरंच घटणं यांपैकी काही आहे आणि त्यावर शस्त्रक्रिया किंवा पोटात थेट नळी घालावी लागली, तर ८०. आकसलेपण बेरियमचा एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपी यांपैकी एकात दिसलं पाहिजे.

म्हणजे आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल रोज घेणारा, उशा रचून बसल्या बसल्या झोपणारा, पण अन्ननलिका अरुंद न झालेला माणूस सर्वसाधारणपणे ० टक्क्यांवर येतो. मला ही पट्टी कठोर वाटते. जिवाला नकोसं करणारी जळजळ आणि अन्ननलिकेचा व्यास या वेगळ्या गोष्टी आहेत. पण नियम तो आहे. ज्यांना जुन्या कोष्टकाने टक्के मिळाले, त्यांचे केवळ कोष्टक बदललं म्हणून कापता येत नाहीत. प्रकृती खरंच सुधारल्याचं दिसावं लागतं.

० टक्के म्हणजे नकार, हाही गैरसमजच. संबंध मान्य झाला, पैसे नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. त्या आजारावरचे उपचार व्हीएकडे होतात, पुढे अन्ननलिका आकसली तर फक्त टक्केवारी वाढवून मागायची असते, संबंध पुन्हा सिद्ध करावा लागत नाही.

आणि टक्क्यांची बेरीज साधी नसते. साडीच्या दुकानात ५० टक्के सूट आणि वर आणखी ३० टक्के असं लिहिलं की आपण ८० समजत नाही. उरलेल्या ५० वर ३० मोजतो, ६५ येतात. व्हीए हेच करतं आणि जवळच्या दहाला नेतं. पीटीएसडीचे ७० असताना जीईआरडीचे १० मिळाले तर ७३, म्हणजे हातात ७०च. ३० मिळाले तर ७९, म्हणजे ८०. अवलंबून कुणी नसलेल्याला २०२५ च्या दराने ७० टक्क्यांना महिना सुमारे १,७५९ डॉलर आणि ८० टक्क्यांना सुमारे २,०४५ डॉलर.

गैरसमज: ‘आखाती युद्धाच्या सैनिकांना हे आपोआप मिळतं’

नाही. त्यांना पचनाच्या काही तक्रारींसाठी कारण सिद्ध करण्यातून सूट आहे, पण ती ज्यांत रचनेचा दोष दिसत नाही अशा विकारांसाठी, उदाहरणार्थ आयबीएस, म्हणजे आतडी चिडचिडी होण्याचा विकार. जीईआरडी त्यात बसत नाही.

आपल्याकडच्या सैनिकी घरांतून प्रश्न येतो, हे नियम इथे चालतील का? नाही चालणार. भारतीय सैन्यात आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने वाढला का, हे पाहतात, आणि अपंगत्वाच्या लाभासाठी सर्वसाधारणपणे २० टक्क्यांची अट असते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाल्याचं गृहीतक सैनिकाच्या बाजूने धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, त्यामुळे निवृत्तीची तारीख आधी पाहावी.

गैरसमज: ‘सल्लागाराला पैसे मोजल्याशिवाय दावा होत नाही, आणि नकार आला की संपलं’

पहिला दावा भरून देण्यासाठी शुल्क घेणं अमेरिकेच्या कायद्याला मान्य नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लिजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. भरपाईतला वाटा मागणाऱ्या कंपन्या तरीही पुष्कळ आहेत.

कागद जमायला वेळ लागणार असेल तर ‘दावा करण्याचा इरादा’ आधी नोंदवावा; वर्षभरात दावा भरला की भरपाई इराद्याच्या तारखेपासून धरली जाते. नकार आला तर एका वर्षाच्या आत तीन दारं उघडी असतात: नव्या पुराव्यासह पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, आणि अपील मंडळ. फेरतपासणीत नवा कागद जोडता येत नाही. त्यामुळे तपासनीसाने ‘वाढला का’ हा प्रश्न सोडून दिला असेल, तर ते दार बरोबर, कारण चूक फाइलीतच आहे. पण हातात डॉक्टरांचं नवं, कारणं देणारं पत्र असेल, तर ते घेऊन पूरक दाव्याकडे जावं.